मूठ आणि मनगट : वजन उचलणाऱ्या हाताचा इतिहास

पाण्याने भरलेली बादली उचलताना तिची कडी आपण बोटांनी धरतो. त्यामुळे उचलण्याचा जोर बोटांतच असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बोटांमध्ये बोट वाकवणारा एकही स्नायू नसतो. तेथे हाडे, सांधे, त्वचा, रक्तवाहिन्या, चेता आणि दोरीसारख्या चिवट कंडरा असतात. मूठ घट्ट आवळणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगट यांच्या दरम्यान, म्हणजे अग्रबाहूत असतात. त्यांचा जोर कंडरांमार्फत मनगट ओलांडून बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचतो.

हे वर्गात दोन मिनिटांत पडताळून पाहता येते. उजव्या हाताची मूठ आवळा आणि डाव्या हाताने उजव्या कोपराखालचा मांसल भाग चाचपा. मूठ आवळताना तो टणक होतो आणि सैल सोडताच मऊ पडतो. आता मुठीत पेन्सिल धरून मनगट तळहाताच्या बाजूला होईल तितके वाकवा. या स्थितीत मूठ नीट आवळताच येत नाही आणि शेजारचा विद्यार्थी पेन्सिल सहज काढून घेतो. मनगट थोडेसे मागे, हाताच्या पाठीकडे उचलले की तीच पेन्सिल काढणे अवघड होते. कुस्तीगीर प्रतिस्पर्ध्याची पकड सोडवताना त्याचे मनगट मुडपतो, त्यामागचे तत्त्व हेच.

हात तोच, स्नायू तेच, मग मनगटाच्या कोनाने पकड का बदलावी? या प्रश्नाचे पूर्ण उत्तर मिळायला अठराशे वर्षांच्या आसपास काळ जावा लागला. त्या शोधाच्या वाटेवर शरीरविच्छेदक भेटतात, तसेच गणिती, शिशाने बाधलेले रंगारी, वजने उचलणारे पहेलवान आणि कुष्ठरुग्णही भेटतात.

दोऱ्यांचा शोध

दुसऱ्या शतकातील वैद्य गेलेन हा पर्गामम येथे ग्लॅडिएटर योद्ध्यांवर उपचार करी. तलवारीच्या घावांनी उघडे पडलेले हात त्याने जवळून पाहिले होते. शरीराच्या अवयवांच्या उपयोगांवरील त्याच्या मोठ्या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण हातावर आहे. बोटे वाकवणारे स्नायू अग्रबाहूत असतात आणि त्यांच्या कंडरा मनगटावरून पुढे जातात, हे त्याला ठाऊक होते. मात्र त्याची विच्छेदने मुख्यतः माकडांवर आणि इतर प्राण्यांवर झालेली होती. पुढील तेरा शतके युरोपातील वैद्यकाने त्याच्याच वर्णनांवर विसंबून काम केले.

अँड्रियास व्हेसेलियस याने ही परंपरा मोडली. पादुआ विद्यापीठात तो स्वतःच्या हाताने मानवी शवविच्छेदन करून शिकवत असे. १५४३मध्ये बाझल येथे छापलेल्या त्याच्या ग्रंथात त्याचे एक व्यक्तिचित्र आहे. त्यात तो एका मृतदेहाचा उघडलेला हात धरून उभा आहे आणि अग्रबाहूतून बोटांकडे जाणाऱ्या कंडरा दाखवत आहे. स्वतःच्या चित्रासाठी त्याने मेंदू किंवा हृदय निवडले नाही, हात निवडला.

रचना कळली, पण किती बल लागते हा प्रश्न बाकी राहिला. तो जोव्हानी बोरेल्ली या इटालियन गणितज्ञाने हाताळला. गॅलिलिओनंतरच्या पिढीतील या शास्त्रज्ञाने तरफेचे नियम शरीराला लावले. प्राण्यांच्या हालचालींवरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० आणि १६८१ या वर्षांत दोन भागांत प्रसिद्ध झाला. निसर्गाने स्नायूंना अशी सोय दिली असावी की थोड्या बलाने मोठे वजन हलावे, अशी तोवरची समजूत होती. बोरेल्लीने गणित मांडून नेमके उलट दाखवले.

त्याच्या पद्धतीने एक सोपे उदाहरण घेऊ. कोपर काटकोनात वाकवून हातात १० किलोचे वजन धरले आहे. वजन कोपरापासून सुमारे ३५ सेंमीवर आहे, तर दंडाचा स्नायू अग्रबाहूच्या हाडाला कोपरापासून सुमारे ५ सेंमीवर जोडलेला आहे. म्हणजे अग्रबाहूचे स्वतःचे वजन सोडले, तरी स्नायूला सातपट, म्हणजे ७० किलो वजनाइतका ताण द्यावा लागतो. शरीराची तरफ बलाच्या दृष्टीने तोट्याची आहे. फायदा आहे तो वेगाचा आणि पल्ल्याचा. स्नायू थोडासा आखडला की हात बराच हलतो. वजन सांध्यापासून जितके दूर, तितका हा तोटा वाढतो. बोरेल्लीचा हा निष्कर्ष मनगटालाही लागू पडतो. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

लुळे मनगट, दुबळी मूठ

एकोणिसाव्या शतकात शिसे वितळवणारे आणि शिसेयुक्त रंग वापरणारे कामगार एका विशिष्ट व्याधीने पंगू होत. शरीरात भिनलेल्या शिशाने अग्रबाहूच्या मागील बाजूच्या स्नायूंना जाणारी चेता निकामी होई. मनगट मागे उचलता येत नसे आणि पंजा फांदीवरच्या वाळल्या पानासारखा लोंबत राही. यात एक कोडे होते. बोटे मिटवणारे स्नायू अग्रबाहूच्या पुढच्या बाजूला असतात आणि ते शाबूत होते. तरीही या कामगारांची मूठ दुबळी पडे.

पॅरिसच्या रुग्णालयांतून काम करणारा फ्रेंच वैद्य द्युशेन याने त्वचेवरून सौम्य विद्युतप्रवाह देऊन एकेक स्नायू वेगळा आकुंचित करण्याचे तंत्र विकसित केले होते. कोणता स्नायू काय करतो, हे त्याने जिवंत माणसावरच तपासले. १८६७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हालचालींविषयी एक महत्त्वाचा विचार आहे. एकटा स्नायू क्वचितच काम करतो. एखादी हालचाल करताना तिच्याविरुद्ध बाजूचे वाटणारे स्नायूही त्याच वेळी आकुंचित होत असतात. मूठ आवळताना मनगट मागे धरणारे स्नायू कामाला लागतात. ते नसतील तर बोटांचे स्नायू बोटांबरोबर मनगटालाही पुढे वाकवतात आणि त्यांचा बराच जोर तेथेच वाया जातो. लुळ्या मनगटाला आधार देऊन ते वर उचलून धरले, तर त्याच माणसाची पकड सुधारते.

पहिल्या महायुद्धात दंडावर गोळी लागून हीच चेता तुटलेले अनेक सैनिक रुग्णालयांत आले. ब्रिटिश शल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांनी अग्रबाहूतील शाबूत स्नायूंच्या कंडरा काढून त्या मनगट उचलणाऱ्या कंडरांना जोडल्या. मनगट सावरल्यामुळे सैनिकांना पुन्हा वस्तू घट्ट धरता येऊ लागल्या.

स्नायूची लांबी आणि बल

मनगट वाकले की मूठ दुबळी होते याचे दुसरे कारण खुद्द स्नायूच्या आत आहे. स्वीडनमधील मॅग्नस ब्लिक्स यांनी १८९०च्या दशकात स्नायूची लांबी आणि त्याने दिलेले बल यांचा आलेख काढला. तो टेकडीच्या आकाराचा आला. स्नायू मध्यम लांबीला सर्वाधिक बल देतो. फार आखडलेला किंवा फार ताणलेला असेल तर बल घटते.

याचा उलगडा १९५४मध्ये झाला. अँड्र्यू हक्सले व नीडरगेर्के यांनी, तसेच स्वतंत्रपणे ह्यू हक्सले व जीन हॅन्सन यांनी दाखवले की स्नायूत जाड आणि बारीक अशा दोन प्रकारचे तंतू एकमेकांवर सरकतात. बल निर्माण होते ते या तंतूंमधील दुव्यांमुळे. तंतू एकमेकांवर योग्य प्रमाणात आलेले असले की सर्वाधिक दुवे जुळतात. स्नायू फार आखडला की तंतूंची गर्दी होऊन अडथळा येतो. १९६६मध्ये गॉर्डन, हक्सले आणि ज्युलियन यांनी बेडकाच्या एकेका स्नायुतंतूवर अचूक मोजमापे करून हे सिद्ध केले.

आता पेन्सिलीचा प्रयोग समजतो. बोटे वाकवणाऱ्या कंडरा मनगटाच्या पुढील बाजूने जातात. मनगट पुढे वाकवले की त्यांचा मार्ग आखूड होतो. मग मूठ मिटेपर्यंत अग्रबाहूतील स्नायू इतका आखडलेला असतो की त्याच्याकडे द्यायला फारसे बल उरत नाही. शिवाय हाताच्या पाठीकडील कंडरा ताणल्या जाऊन बोटे उघडू पाहतात. मनगट मागे घेतले की दोन्ही अडचणी दूर होतात. १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुदृढ माणसांना मनगट हवे तसे ठेवून जास्तीत जास्त जोराने मूठ आवळायला सांगण्यात आले. त्यांनी नकळत निवडलेली स्थिती सरासरी ३५ अंश मागे आणि ७ अंश करंगळीच्या बाजूला अशी होती. शरीराला ब्लिक्सचा आलेख न शिकवता येत होता.

पहेलवानांचे प्रयोग

प्रयोगशाळांबाहेर हेच ज्ञान दुसऱ्या मार्गाने जमा होत होते. आपल्याकडील तालमींतील मुद्गल हे त्याचे चांगले उदाहरण आहे. मुद्गलाचे वजन मुठीपासून दूर असते, त्यामुळे ते फिरवताना मनगट सावरणाऱ्या सर्व स्नायूंना आळीपाळीने काम पडते. भारतात आलेल्या ब्रिटिश सैनिकांनी हा व्यायाम उचलला. १८३४मध्ये लंडनमध्ये निघालेल्या डोनाल्ड वॉकरच्या व्यायामावरील पुस्तकात तो आढळतो आणि पुढे युरोप-अमेरिकेतील व्यायामशाळांत तो रुळला.

१८९६च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एका हाताने आणि दोन हातांनी वजन उचलण्याच्या दोन स्पर्धा होत्या. दोन हातांच्या स्पर्धेत डेन्मार्कचा व्हिगो येन्सन आणि ब्रिटनचा लॉन्सेस्टन एलियट या दोघांनीही १११.५ किलो उचलले आणि उचलण्याची ढब अधिक चांगली म्हणून येन्सनला विजयी ठरवण्यात आले. एका हाताच्या स्पर्धेत एलियटने ७१ किलो उचलून पहिला क्रमांक मिळवला. १९२८पासून एका हाताचे प्रकार ऑलिंपिकमधून गेले.

पकडीच्या दृष्टीने दांडा हाच खरा परीक्षक होता. अपोलोन या टोपणनावाचा फ्रेंच पहेलवान लुई युनी याची आगगाडीच्या चाकांची जोडी प्रसिद्ध आहे. वजन १६६ किलो, पण अडचण वजनापेक्षा आसाची होती. तो जवळजवळ ५ सेंमी जाड होता आणि चाके त्याला घट्ट बसवलेली होती. जाड आसाभोवती बोटे पूर्ण वळत नाहीत, आणि दांडा खांद्यावर घेताना मनगट वळवावे लागते तेव्हा चाकांसह सगळा जडभार फिरवावा लागतो. ऑलिंपिक विजेता शार्ल रिगूलो याने १९३०मध्ये ती चाके उचलली तेव्हा मोठा गाजावाजा झाला. स्पर्धेच्या आजच्या दांड्यात या दोन्ही अडचणी काढून टाकलेल्या आहेत. पुरुषांचा दांडा २८ मिमी आणि स्त्रियांचा २५ मिमी जाड असतो आणि वजने बसवायची टोके दांड्यापासून स्वतंत्र फिरतात.

भारोत्तोलक अंगठा दांड्याभोवती आधी गुंडाळून त्यावर पहिली दोन बोटे दाबून धरतात. दांडा झटक्याने उचलताना तो बोटांच्या टोकांकडे गडगडत जाऊ पाहतो. अशा वेळी पकडीचा कच्चा दुवा असलेला अंगठा दांडा आणि बोटे यांच्यात अडकून पाचरीसारखा काम करतो. जमिनीवरून फक्त कमरेपर्यंत वजन उचलणारे काही जण एक तळहात पुढे आणि एक मागे ठेवतात. त्यामुळे दांडा एका हातातून सुटण्यासाठी ज्या दिशेने फिरेल, त्याच दिशेने तो दुसऱ्या हातात अधिक घट्ट बसतो.

वजन डोक्यावर नेल्यावर मात्र मनगटाचे काम बदलते. तेथे आवळण्यापेक्षा आधार देणे महत्त्वाचे असते. आता बोरेल्लीचा हिशेब पुन्हा मांडू. ४० किलोच्या दांड्याचे प्रत्येक हातावर २० किलो येते. दांडा बोटांच्या मुळाशी धरला आणि मनगट मागे कलंडले, तर दांडा मनगटाच्या सांध्यामागे ५ सेंमी जाऊ शकतो. मनगट सावरणाऱ्या कंडरा सांध्यापासून अदमासे २ सेंमीवर असतात. म्हणजे केवळ मनगट आणखी कलंडू नये म्हणून ५० किलो वजनाइतका जादा ताण द्यावा लागतो. तो ताण आणि मूळ वजन, असा मिळून ७० किलोंचा दाब सांध्यातील लहान हाडांवर येतो. तोच दांडा तळहाताच्या मुळाशी, अग्रबाहूच्या हाडांच्या सरळ रेषेत ठेवला, तर हा जादा ताण जवळजवळ नाहीसा होतो. निष्णात भारोत्तोलकाचे मनगट डोक्यावर वजन असताना थोडे मागे झुकलेले दिसते. पण त्याचा दांडा अग्रबाहूच्या रेषेवरच असतो. कोनापेक्षा ही रेषा महत्त्वाची.

मनगट दीर्घकाळ टोकापर्यंत वाकलेले ठेवण्यात आणखी एक धोका आहे. मनगटाच्या पुढील बाजूला हाडे आणि अस्थिबंध यांनी बनलेला एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे व अंगठा वाकवणाऱ्या ९ कंडरा आणि एक महत्त्वाची चेता जाते. गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी १९८१मध्ये या बोगद्यातील दाब मोजला. निरोगी माणसांत मनगट सरळ असताना तो सरासरी २.५ मिमी पारा होता, तर पूर्ण पुढे किंवा पूर्ण मागे वाकवल्यावर ३० मिमीच्या आसपास गेला. त्या दाबाखाली चेता चेपली जाते, बोटांना मुंग्या येतात.

वेल्लोरची शस्त्रक्रिया

या इतिहासातील सर्वांत मोलाचे प्रकरण भारतात घडले. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४मध्ये तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात, मिशनरी कुटुंबात झाला. लंडनमध्ये शल्यविशारद होऊन १९४६मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात आले. पुढील वर्षी कुष्ठरोगतज्ज्ञ रॉबर्ट कॉक्रेन यांनी त्यांना चिंगलपेटचे कुष्ठरोग रुग्णालय दाखवले. तेथे पंज्यासारखी बोटे आखडलेल्या एका रुग्णाच्या हातात ब्रँड यांनी आपला हात दिला आणि दाबायला सांगितले. रुग्णाने इतक्या जोरात दाबले की त्यांना वेदना झाल्या.

त्या वेदनेतच उत्तर होते. कुष्ठरोगाने हात सडतो, त्याला इलाज नाही, अशी तेव्हा समजूत होती. पण हा हात मेलेला नव्हता. कुष्ठरोगात तळहातातील लहान स्नायूंना जाणाऱ्या चेता ठरावीक ठिकाणी निकामी होतात. अग्रबाहूतील मोठ्या स्नायूंपैकी बरेचसे शाबूत राहतात. व्हेसेलियसने दाखवलेल्या दोऱ्या अजून ओढल्या जात होत्या, फक्त बोटे सरळ करून जोर योग्य दिशेला वळवणारे स्नायू गेले होते. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्रबाहूतील शाबूत कंडरा मृत स्नायूंच्या जागी जोडायला सुरुवात केली. बोटे उघडू लागली. भीक मागण्याखेरीज मार्ग नसलेल्या माणसांना हत्यारे धरता येऊ लागली.

मग नवा प्रश्न उभा राहिला. सुधारलेल्या हातांना जखमा होत राहिल्या. एकदा ब्रँड यांना एक गंजलेले कुलूप उघडेना. एका रुग्ण मुलाने किल्ली सहज फिरवली, पण त्याचे बोट हाडापर्यंत कापले गेले होते आणि त्याला पत्ताही नव्हता. वेदना नसल्यामुळे किती जोर लावावा, हे त्या हाताला कळत नव्हते. निरोगी हात वस्तू निसटू नये इतकाच, आणि थोडासा जादा, जोर लावतो. १९८४मध्ये स्वीडनमध्ये योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी हे मोजून दाखवले. वस्तू किंचित सरकली की त्वचेतील संवेदी टोके ते टिपतात आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड घट्ट होते. ब्रँड यांनी आपल्या रुग्णांसाठी अवजारांच्या मुठी जाड व मऊ करून घेतल्या, म्हणजे तोच जोर अधिक क्षेत्रफळावर विभागला जाऊन दाब कमी होईल.

हातापलीकडे

१९५६मध्ये ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी हाताच्या असंख्य पकडींचे दोन मुख्य गट केले. हातोडा धरतो ती जोराची पकड आणि सुई धरतो ती नेमकेपणाची पकड. बादली किंवा पिशवी लोंबती धरणारी आकड्यासारखी पकड त्यांनी वेगळी नोंदवली. तीत अंगठ्याचे काम जवळजवळ नसते. या वर्गीकरणामुळे प्रश्न विचारण्याची रीत बदलली. हाताने वस्तू कशी धरावी, याच्या जोडीला वस्तूने हाताला धरायला काय द्यावे, हाही प्रश्न आला.

अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१मध्ये सुधारलेल्या सूत्रात, अगदी अनुकूल परिस्थितीतही हाताने उचलायच्या वजनाची शिफारस केलेली मर्यादा २३ किलो आहे. धरायला चांगली मूठ नसेल, तर ती १० टक्क्यांपर्यंत आणखी कमी करावी लागते. आपल्याकडे सिमेंटचे पोते ५० किलोंचे असते आणि त्याला मूठ नसते. महाराष्ट्रात १९६९मध्ये माथाडी आणि हमाल कामगारांसाठी खास कायदा झाला. त्या कामगारांच्या हातातील लोखंडी हूक बारकाईने पाहा. जेथे बोटे वळायला जागा नाही, तेथे तो मूठ तयार करतो आणि मनगट सरळ ठेवू देतो. शास्त्राने सांगण्याच्या खूप आधी कामगारांनी काढलेला हा उपाय आहे. मात्र हूक पकड सुधारतो, पाठीवरचे ओझे कमी करत नाही.

शिक्षकांना हा विषय प्रयोगाने शिकवता येईल. एका गुळगुळीत लाकडी दांडीच्या टोकाला दोरी बांधून ती स्प्रिंगच्या काट्याला जोडा. विद्यार्थ्याने दांडी मुठीत आवळून धरावी आणि दुसऱ्याने काटा सावकाश ओढावा. दांडी सरकू लागते तेव्हाचा आकडा लिहून घ्या. मनगट पूर्ण पुढे, अर्धे पुढे, सरळ, थोडे मागे आणि पूर्ण मागे अशा पाच स्थितींत प्रत्येकी तीनदा मोजून सरासरी काढा. दोन मोजमापांमध्ये मिनिटभर विश्रांती द्या आणि कोणाला मनगटात दुखू लागले तर तेथेच थांबा. मिळालेल्या पाच बिंदूंतून आलेख काढला की एक टेकडी दिसू लागते. तिचा माथा मनगट थोडे मागे असताना येतो का, हे प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आलेखावरून सांगावे. एखाद्याचा माथा दुसरीकडे आला तर त्याचे कारण शोधणे हा पुढच्या तासाचा विषय होऊ शकेल.